काशीचे पराडकर

हिंदी पत्रकारितेतला मराठी माणूस म्हटलं की आपल्याला माधवराव सप्रे आठवतात आणि गाडी तिथेच थांबते. आज पुढच्या स्टेशनावर, काशीला जाऊ.

बाबूराव विष्णू पराडकर १८८३ मध्ये काशीतच जन्मले. घराणं मूळचं मालवणकडच्या पराडचं. घरात मराठी, लेखणीत हिंदी.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला ‘हिंदी बंगवासी’त लागले. हे पत्र कट्टर सनातनी आणि काँग्रेसविरोधी. जे पटत नाही तेच रोज लिहायचं, हे काही त्यांना जमलं नाही. सहाएक महिन्यांत ते ‘हितवार्ता’त गेले. मला यात त्यांच्या मामांची सावली दिसते. मामा म्हणजे सखाराम गणेश देउस्कर. बंगालीतल्या ‘देशेर कथा’मध्ये त्यांनी इंग्रजी राज्यातल्या लुटीचा हिशेब मांडला. सरकारनं ते पुस्तक जप्त केलं. भाच्यानं ते हिंदीत आणलं.

पुढे ‘भारतमित्र’. १९१६ मध्ये क्रांतिकारकांशी संबंध असल्यावरून अटक झाली आणि सुटका थेट १९२० मध्ये. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला काशीत शिवप्रसाद गुप्तांनी ‘आज’ काढलं. लवकरच त्याची सूत्रं पराडकरांकडे आली. १९३० च्या सत्याग्रहात छापखान्यांवर सरकारी बडगा आला, तेव्हा काशीतून ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघे. त्यातही ते होते.

राजकारणात असा जहाल माणूस, पण धंद्याच्या बाबतीत मात्र जुन्या वळणाचा: पत्रात शब्द संपादकाचाच चालला पाहिजे. १९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी बजावलं, की उद्याची पत्रं देखणी होतील, खपतील, संपादकांचे पगारही वाढतील. पण त्यांतला प्राण जाईल आणि संपादकाला मालकापुढे मान वर करता येणार नाही.

आता यात एक गोम आहे. हे बोलणारा स्वतः एका धनिकाच्याच पत्रात होता! पण गुप्तजींनी आपला पैसा काशी विद्यापीठात, भारतमाता मंदिरात ओतला होता. असा मालक मिळणं हे पराडकरांचं नशीब. नशिबावर धंदा चालत नाही, हे त्यांना ठाऊक असणार. म्हणून तर ते भाषण.

१९४३ मध्ये ते ‘संसार’कडे गेले, १९४७ मध्ये ‘आज’मध्ये परतले आणि १२ जानेवारी १९५५ रोजी वारले तेव्हाही ‘आज’चेच संपादक होते.