विटाळ आणि जंतू

महाबळेश्वरला पाच नद्या उगम पावतात असं आपल्याला शाळेत शिकवलं. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. त्यातली सावित्री घाट उतरून पोलादपूरवरून महाडला जाते. आपलं महाड! म्हणून या डोंगरावरच्या घाणीचा इतिहास आपला इतिहास आहे. आपण तो वाचला पाहिजे.

१८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने इथं गोऱ्यांसाठी हवा खायचं ठाणं वसवलं. पेठेला नाव पडलं माल्कमपेठ. रोग घाणेरड्या हवेतून होतात, अशी तेव्हा साहेबाची समजूत. पण हवा खाणारा माणूसही संडासला जातोच की! तो काळ टोपलीच्या संडासांचा. बंगल्याच्या मागच्या दारानं टोपली उचलणारे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. आज तिथल्या पॉइंटांना एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन ही नावं आहेत. तिथं ठेवलेल्या चिनी कैद्यांची आठवणसुद्धा एका धबधब्याच्या नावात उरलीय. मैला वाहणाऱ्याच्या नावाचा एकही पॉइंट नाही.

१८८४ साली रॉबर्ट कॉखला कलकत्त्याजवळच्या एका तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू सापडला. १८८५ साली एशेरिखनं आतड्यातल्या कोलाय जंतूचं वर्णन केलं. हा जंतू विष्ठेत असतो. ब्राह्मणाच्या, महाराच्या, गाईच्यासुद्धा. त्याला जात कळत नाही.

कॉखच्या शोधानंतर ४३ वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी काय केलं? १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत त्या घागरी तळ्यात बुडवल्या. ताज्या शेणाच्या एका ग्रॅममध्ये कोलाय जंतू लाखांनी असतात. मग तळं बाटवलं कुणी? विज्ञान बाजूला उभं होतं, पण भटाला ते बघायचंच नव्हतं.

आता उकिरड्याकडे या. जंतू मातीत असतातच. मूठभर चांगल्या मातीत कोट्यवधी असतात, आणि बहुतेक कामाचे. पालापाचोळा कुजवून तेच खत करतात. पण ओलं-सुकं एकत्र फेकलं, त्यात पोरांचे लंगोट, दवाखान्यातल्या पट्ट्या, मेलेली जनावरं पडली, की आतड्यातले आणि जखमेतले जंतू त्या मातीत मुरतात. धनुर्वाताची बीजं तर वर्षानुवर्षं तग धरतात. महाबळेश्वरचा माथा जांभ्याचा, पाणी पिणारा. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. अशा जागी उघड्यावर कचरा टाकला तर त्याचं काळं पाणी खाली झऱ्यांत उतरणार. माथ्यावरचा टुरिस्ट दोन दिवसांनी घरी जातो. पाणी भरायला खालची वाडी राहते.

माझा बाप एका नगरपालिकेत कचरा उचलायचा. अनवाणी पायात काच घुसली. आठव्या दिवशी दातखीळ बसली. पालिकेच्या कागदावर लिहिलं, तापानं मेला. जन्मभर ज्याला लोक म्हणाले लांबून जा, विटाळ होतो, त्याला खरा रोग लोकांच्याच घाणीतून लागला. विटाळ खोटा होता, जंतू खरा होता. खोट्यासाठी आपल्याला गावाबाहेर ठेवलं आणि खऱ्याच्या तोंडी दिलं.

कायदे झाले. हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ चा, मग २०१३ चा. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. २०१६ च्या घनकचरा नियमांत कामगाराला हातमोजे, बूट, रेनकोट, मास्क द्यावेत असं लिहिलं गेलं. पाचगणीत तर कचरा टाकायच्या जागेचा ‘स्वच्छ भारत पॉइंट’ झाला. म्हणजे मनात आणलं तर होतं!

तेव्हा पोरांनो, नुसत्या घोषणा पुरत नाहीत. आपापल्या पालिकेत जा. विचारा: डेपोची माती आणि खालच्या विहिरीचं पाणी तपासलं का? रिपोर्ट कुठाय? ठेकेदाराच्या माणसांना बूट मिळाले का? धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का? ओलं-सुकं दारातच वेगळं होतं का? आणि शेवटी हेही विचारा, की डेपोवर अजून आपलीच आडनावं का?

उत्तर लेखी घ्या. जयभीम.