तांब्याच्या टाक्यांची होडी

आपल्या किनाऱ्यावर होडी बांधणे हे सुताराचे काम, आणि तेही त्यातल्या जाणत्या सुताराचे. आधी पठाण ठेवायचे, त्यावर वाक उभे करायचे, मग फळ्या वाकवून बसवायच्या आणि सांध्यांत कापूस ठासायचा. बापाच्या हाताखाली वर्षे घालविल्यावाचून ही विद्या येत नाही. इंग्लंडमध्येही रीत फारशी निराळी नव्हती. म्हणून तेथे शिडाच्या होडीचा छंद दीर्घकाळ ऐपतदार मंडळींच्या क्लबांपुरता राहिला. ही मक्तेदारी एका अकरा फुटांच्या होडीने कशी सैल केली, ते आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात 'मॉस्किटो' हे विमान लाकूड व प्लायवूडचे बनले. त्या काळात पाण्याला दाद न देणारे नवे सरस तयार झाले, आणि युद्धानंतर ते होड्यांच्या कामी आले. जॅक होल्ट हे आरेखक घरी बांधता येतील अशा होड्यांचे नकाशे काढू लागले. १९४७ ची मुलांसाठीची 'कॅडेट' त्यांचीच. तरीही सांगाडा उभारावा लागेच आणि सुतारकामाची थोडी जाण लागेच.

ही अडचण दूर केली बॅरी बकनेल यांनी. बी.बी.सी.वर ते घरच्या घरी दुरुस्ती कशी करावी हे शिकवीत. (जुन्या नक्षीदार दारांवर सपाट पत्रे ठोकायला सांगितल्याबद्दल पुढच्या पिढीने त्यांना बरीच नावे ठेवली, आणि आमच्या मते ती योग्यच होती!) १९६२ साली त्यांनी आखलेल्या होडीत वाकांचा सांगाडाच नव्हता. प्लायवूडच्या कापलेल्या फळ्यांच्या कडांना भोके पाडायची, त्यांतून तांब्याच्या तारेचे टाके घालायचे आणि पकडीने पीळ द्यायचा. सपाट फळ्या एकमेकींना ओढून घेतात आणि होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग सांध्यांवर काचतंतूंची पट्टी रेझिनने चिकटवायची. रेझिन सुकले की बाहेरून दिसणारे टाके कापून टाकायचे. होल्ट यांनी हा आराखडा सुधारला.

फळ्या शिवण्याची कल्पना आपल्या समुद्राला मात्र नवी नाही. काथ्याने शिवलेली गलबते अरबी समुद्रात शतकानुशतके फिरली. त्याच पद्धतीने गोव्यात बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. भेद एवढाच, की तेथे टाकाच जहाज धरून ठेवतो, येथे तो केवळ सरस सुकेपर्यंतचा सोबती असतो.

या होडीला पाठबळ दिले 'डेली मिरर' या कामगारवर्गाच्या वृत्तपत्राने. १९६३ च्या जानेवारीत लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. नाव 'मिरर', शीड तांबडे. वृत्तपत्राला जाहिरात हवी होती, धर्मकार्य नव्हे, हे उघडच आहे. पण सगळ्या सामानाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, म्हणजे कारखान्यातल्या मजुराची साधारण महिन्याभराची कमाई. माणसे मोटारीच्या गॅरेजात, कोणी बैठकीच्या खोलीतही ही होडी बांधू लागली.

जाणत्यांनी नाके मुरडली. तिची नाळ टोकदार नव्हती, पेटीसारखी आखूड व चपटी होती. पण तशा नाळेमुळे बांधणे सोपे झाले आणि आत जागा वाढली. चारी बाजूंना हवाबंद कप्पे असल्याने ती उलटली तरी बुडत नसे. डोलकाठी व परबाण आखूड असल्याने दोन्ही होडीतच मावत. वजन जेमतेम ४५ किलो, त्यामुळे ती मोटारीच्या टपावर नेता येई. पुढे तिच्या शिडांवरचे क्रमांक ७०,००० च्या पलीकडे गेले.

आणि ती केवळ तळ्यात फिरण्यापुरती राहिली नाही. १९९७ साली ए. जे. मॅकिनन हे शिक्षक इंग्लंडच्या श्रॉपशायरमधून एका जुन्या 'मिरर'मध्ये बसून निघाले. शीड व वल्ह्यांच्या बळावर नद्या, कालवे, खुद्द इंग्लिश खाडी आणि पुढे डॅन्यूब पार करीत पुढल्या वर्षी ते रुमानियात सुलिना येथे काळ्या समुद्राला पोहोचले.