हर्नियावरची मच्छरदाणी

जांघेतल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या वैद्यकीय जाळीऐवजी निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीचा तुकडा बसवण्याची पद्धत घाना आणि बुर्किना फासो या देशांतील रुग्णालयांत २००५ च्या सुमारास वापरात येऊ लागली. पश्चिम आफ्रिकेतील संशोधनामुळे ती जगासमोर आली असली, तरी तिचे मूळ आफ्रिकेत नाही. ते धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा या गावात आहे. त्याआधीचे मूळ शोधायला गेल्यास इटलीतील पादुआ, अमेरिकेतील ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस अशी वळणे घेत जावे लागते.

पुरुषाच्या जांघेत पोटाच्या भिंतीला निसर्गतःच एक फट असते. वृषणाकडे जाणाऱ्या शुक्रवाहिनीची व रक्तवाहिन्यांची ही वाट. ती सैल पडली की आतडे तिच्यातून बाहेर डोकावू लागते आणि अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, होतो. एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८४ पासून पादुआत या भिंतीचे थर एकमेकांना शिवून फट बंद करायला सुरुवात केली. पुढची शंभर वर्षे जगभर हीच शस्त्रक्रिया थोड्याफार फरकाने चालली. तिचा दोष टाक्यांत होता. मुळात एकमेकांपासून दूर असलेले स्नायू ओढून जवळ आणले की टाक्यांवर ताण पडतो, रोगी खोकला किंवा ओझे उचलले की टाका हळूहळू ऊती कापत जातो आणि हर्निया पुन्हा उद्भवतो.

ह्यूस्टनचे फ्रान्सिस अशर यांनी १९५८ मध्ये पॉलिएथिलीनच्या धाग्याची जाळी वापरून पाहिली आणि काही वर्षांत ते पॉलिप्रोपिलीनकडे वळले, कारण हे प्लास्टिक ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, उष्णता अधिक चांगली सोसते. कडा ओढून शिवण्याऐवजी फटीवर जाळीचे ठिगळ टाकायचे, म्हणजे ताणच पडत नाही, हा विचार लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिख्टेनस्टाइन यांनी नेटाने मांडला. १९८९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,००० शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि श्रीमंत देशांत बास्सिनीची पद्धत मागे पडली. जाळीच्या छिद्रांतून शरीराची स्वतःची तंतुमय ऊती वाढते, ठिगळ भिंतीत मुरते आणि जागा पक्की होते. म्हणजे जाळी ही केवळ चौकट, खरे बांधकाम शरीरच करते. इतक्या साध्या कामाच्या वस्तूला उत्पादक जी किंमत लावत होते, ती मात्र साधी नव्हती. बुर्किना फासोत पुढे झालेल्या एका अभ्यासात वापरलेल्या जाळीची किंमत १०० डॉलरहून जास्त होती.

दोंडाईच्यात ही अडचण रोजची होती. मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर ग्रामीण रुग्णालय चालवत. शेतमजुराला जाळीचा खर्च झेपत नाही आणि जाळीशिवाय शिवलेला हर्निया परतण्याची धास्ती राहते, या कोंडीतून त्यांनी बाजारातली मच्छरदाणी तपासली. तिचे कापड पॉलिएथिलीन-पॉलिप्रोपिलीन गटातल्या प्लास्टिकचे होते, म्हणजे विकत मिळणाऱ्या वैद्यकीय जाळीचेच चुलत भावंड. कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून त्यांनी ते वापरले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतील सहकारी सर्जननाही त्यांनी यात सामील करून घेतले आणि २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त या अनेक-केंद्री प्रयोगाचा अहवाल छापला. एकाच्या अनुभवाला किस्सा म्हणून बाजूला सारता येते. अनेक रुग्णालयांची एकत्र मांडलेली नोंद तशी सारता येत नाही. पुढे आफ्रिकेत या अहवालाचा आधार घेतला गेला, तो यामुळेच.

त्याच सुमारास पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी अगदी वेगळी वाट काढली होती. जाळी नकोच, रोग्याच्याच पोटाच्या भिंतीतील आवरणाची एक पट्टी फिरवून फटीमागे शिवायची. ही पद्धतही पुढे आफ्रिकेत तपासली गेली. एकाच आर्थिक अडचणीला महाराष्ट्रातून दोन उलट उत्तरे निघावीत हा योगायोग लक्षणीय आहे, पण देसरडा पद्धतीची कुळकथा वेगळी.

पश्चिम आफ्रिकेत हर्नियाचा प्रश्न अधिक तीव्र होता. तेथील रोगी बहुतेक वेळा फार उशिरा येतो. रुग्णालय लांब, पैसे हातचे द्यायचे आणि काम सोडून बसणे परवडत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तो हर्निया अंगावर काढतो. युरोपातील सर्जनला जांघेतली लिंबाएवढी गाठ दाखवायला माणसे येतात. घानातल्या सर्जनसमोर मात्र अंडकोशात उतरून मांडीपर्यंत, कधी गुडघ्याजवळ पोचलेले हर्निया येतात आणि त्या पिशवीत आतड्याचा बराच भाग असतो. ब्रिटिश सर्जन अँड्रू किंग्सनॉर्थ यांनी घानात काम करताना अशा हर्नियांचे, ते मांडीवर किती खाली पोचले यावरून, स्वतंत्र वर्गीकरण केले. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत त्याची गरज पडली नव्हती. एवढे मोठे आतडे पोटात परत ढकलले की पोटातील दाब वाढून श्वासालाही त्रास होऊ शकतो. आणि वाट पाहण्याच्या काळात आतडे फटीत अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर सोपी नियोजित शस्त्रक्रिया एकाएकी आतडे कापून काढण्याची आणीबाणी होते.

मच्छरदाणीची पहिली काटेकोर परीक्षा बुर्किना फासोत झाली. जर्मन आणि स्थानिक सर्जननी मिळून वैद्यकीय जाळी व नायलॉनची मच्छरदाणी यांची तुलना केली. कोणाला काय बसवायचे हे चिठ्ठ्यांच्या तत्त्वाने ठरले आणि पुढे तपासणी करणाऱ्यांनाही ते कळू दिले नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मच्छरदाणीच्या तुकड्याची किंमत एका सेंटचाही अंश होती. रोगी मात्र थोडे होते, जेमतेम ३५. एवढ्या संख्येवर मोठा फरक नाही इतकेच म्हणता येते, लहान फरक त्यातून निसटू शकतो.

घानात हे काम बंदराच्या गावातून पुढे गेले. किंग्सनॉर्थ आणि घानात जन्मलेले, इंग्लंडमधील प्लिमथला काम करणारे सर्जन ख्रिस ओपाँग यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये ताकोरादीत ‘ऑपरेशन हर्निया’ सुरू झाले. युरोपातील सर्जन ठरावीक काळासाठी येत, स्थानिकांबरोबर शस्त्रक्रिया करत आणि लिख्टेनस्टाइन पद्धत शिकवत. सोबत आणलेल्या दानाच्या जाळ्या संपल्या की पुढे काय, हा प्रश्न अशा सगळ्या मोहिमांना पडतो. २००९ मध्ये ‘हर्निया’ या नियतकालिकात घानातील पॉलिएस्टरच्या निर्जंतुक मच्छरदाणीचा अनुभव प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी पश्चिम घानातील हर्निया-शस्त्रक्रियांच्या खर्चाचा हिशेब मांडला गेला. निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाचवायला सुमारे १२.८८ डॉलर लागत होते. सर्जरी ही गरीब देशांची चैन, हा सार्वजनिक आरोग्यात मुरलेला समज अशा आकड्यांपुढे टिकण्यासारखा नव्हता.

इथवरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की एक घोळ समोर येतो. दोंडाईच्याचे कापड पॉलिएथिलीन-पॉलिप्रोपिलीन गटातले, बुर्किना फासोचे नायलॉनचे, ताकोरादीचे पॉलिएस्टरचे, आणि नाव सगळ्यांचे मच्छरदाणी. शरीरात ही द्रव्ये सारखी वागत नाहीत. नायलॉन ऊतीतील पाण्याने हळूहळू झिजते आणि वर्षागणिक त्याची ताकद उतरते. पॉलिएस्टर टिकते. पॉलिएथिलीनही टिकते, पण उष्णतेला नाजूक असते. रुग्णालयातील ऑटोक्लेव्ह १३४ अंशांवर चालवला तर ते आकसते, म्हणून १२१ अंशांचेच चक्र वापरावे लागते. किंग्सनॉर्थ यांच्या गटाने पुढे प्रयोगशाळेत पॉलिएथिलीनच्या मच्छरदाणीची ताकद, छिद्रांचा आकार आणि जंतू चिकटण्याचे प्रमाण वैद्यकीय जाळ्यांशी ताडून पाहिले. ती हलक्या, मोठ्या छिद्रांच्या जाळ्यांच्या जातीत बसणारी निघाली. आणखी एक विचित्र अडचण होती. पश्चिम आफ्रिकेत मलेरियाविरोधी मोहिमांमुळे घरोघर मच्छरदाण्या पोचल्या होत्या, पण त्यांवर परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखे कीटकनाशक चढवलेले असते, त्यामुळे त्या पोटात बसवण्याच्या कामाच्या नाहीत. मच्छरदाण्यांची रेलचेल असलेल्या प्रदेशात बिनऔषधी मच्छरदाणी मुद्दाम मिळवावी लागली.

मोठ्या संख्येचा पुरावा अखेर पूर्व आफ्रिकेतून आला. स्वीडन व युगांडाच्या सर्जननी युगांडातील ३०० हून थोड्या अधिक पुरुषांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापली. एक वर्षानंतर मच्छरदाणीच्या गटात एका रोग्याचा हर्निया परतला होता, वैद्यकीय जाळीच्या गटात एकाचाही नाही, आणि इतर गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे. ते पॉलिएथिलीनचे कापड तमिळनाडूतील करूर या मच्छरदाण्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातून आणले होते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय हर्निया मार्गदर्शक तत्त्वांनी अपुऱ्या साधनांच्या ठिकाणी स्वस्त जाळीचा पर्याय मान्य केला.

जाळी स्वस्त झाल्यावर कमतरता उरली ती हातांची. पश्चिम आफ्रिकेतील प्रशिक्षित सर्जन मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत, रोगी जिल्ह्यांत. म्हणून नंतरचे संशोधन कापडाकडून शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे वळले. घानात सामान्य डॉक्टरांना जाळीची शस्त्रक्रिया शिकवून त्यांचे निकाल तज्ज्ञ सर्जनच्या निकालांशी ताडले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डॉक्टरांचे काम सर्जनपेक्षा कमी प्रतीचे ठरले नाही. सिएरा लिओनने याहून पुढचा प्रश्न विचारला. तेथे डॉक्टर नसलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांना शस्त्रक्रियेचे दीर्घ प्रशिक्षण दिले जाते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२९ रोग्यांची या अधिकाऱ्यांत आणि डॉक्टरांत चिठ्ठीने विभागणी झाली. शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन जाळीच्या पद्धतीने केल्या गेल्या. वर्षभरानंतर हर्निया परतण्याचे प्रमाण अधिकाऱ्यांकडे ०.९ टक्के, तर डॉक्टरांकडे ६.९ टक्के आढळले.