घोड-कुकडीच्या खोऱ्यातील लहानग्यांचा घास

जुन्नरचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम शिवनेरी उभी राहते, मग नाणेघाट आणि मग डोंगराडोंगरांतून कोरलेली लेणी. आंबेगावचे नाव निघाले की भीमाशंकर आठवतो. आज मात्र मी किल्ल्यांविषयी आणि राजांविषयी बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते या दोन तालुक्यांतल्या एका अगदी छोट्या रहिवाशाविषयी. त्याचे वय आहे एक ते तीन वर्षे. त्याच्यापुढे ताटली ठेवली की तो तोंड फिरवतो. भाकरी नको, भाजी नको, वरण नको. दुधाची वाटी मात्र हवी, आणि चहात बुडवलेले बिस्कीट तर हवेच हवे. रंगाने फिकट, अंगाने मलूल, जरा खेळला की दमतो. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पोर हट्टी आहे,’ आणि बहुतेक वेळा त्याच्या आईलाच बोल लावतात.

आता हा विषय इतिहासाचा कसा, असे आपण विचाराल. माझे म्हणणे असे की, माणसाच्या ताटात काय पडते आणि त्यातले अंगी काय लागते, याला इतिहास असतो. लहान मुलाच्या रक्तातील लोहाची उणीव ही वरवर पाहता एका घराची अडचण दिसते. परंतु तिच्यामागे शेताचा, पाण्याचा, बाजाराचा आणि चुलीचा मोठा इतिहास उभा आहे.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. पूर्ण दिवसांचे मूल जन्माला येते तेव्हा आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते. ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार थोडे असते, पण त्यातले बरेचसे बाळाच्या अंगी लागते. सहा महिन्यांनंतर मात्र शिदोरी संपत येते आणि वाढ तर झपाट्याने चालू असते. या वेळी वरचे अन्न नीट सुरू झाले नाही तर तूट पडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या आहारात रोज ८ मिलिग्रॅम लोह असावे. गाईच्या पावशेर दुधात ते अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसते. म्हणजे ज्या मुलाचे पोट दुधानेच भरते, त्याचे पोट भरलेले आणि रक्त उपाशी, अशी स्थिती होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लोह कमी झाले की भूकही मंदावते. मूल जेवत नाही म्हणून लोह कमी होते आणि लोह कमी झाले म्हणून मूल जेवत नाही. या फेऱ्यात सापडलेल्या पोराला हट्टी म्हणणे अन्यायाचे नाही काय?

आता आपण घोड नदीच्या काठाने खाली जाऊ. ही नदी भीमाशंकरच्या डोंगरात, आंबेगाव तालुक्यात उगम पावते आणि घोडेगावावरून शिरूरकडे वाहते. शिरूर तालुक्यात तिच्याच काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती. हे लोक जव पिकवीत, हुलगा आणि मसूर खात, गुरे पाळीत, शिकार करीत, बोरे वेचीत. तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाली, आणि त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची! तान्ह्या पोरांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेले होते. आपले लेकरू घराबाहेर जाऊ नये असे त्या आईबापांना वाटत असेल काय, कोण जाणे.

डॉ. जॉन लुकाक्स आणि डॉ. सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा बारकाईने अभ्यास केला. मुलांच्या दुधाच्या दातांवर त्यांना वाढीला बसलेल्या धक्क्यांच्या खुणा आढळल्या. हाडे सरळ सरळ ‘लोह कमी होते’ असे सांगत नाहीत. ताप, हगवण, जीवनसत्त्वांची उणीव, सारेच त्यांवर उमटते. परंतु एवढे नक्की की, तीन हजार वर्षांपूर्वीही या खोऱ्यात बालपणाचा उंबरठा ओलांडणे फार कठीण होते. म्हणून ‘पूर्वी सारे चांगले होते, आताच बिघडले’ असे म्हणणाऱ्यांना इतिहासाचा आधार नाही.

याच खोऱ्यात पुढे सातवाहनांच्या काळी जुन्नर ही मोठी बाजारपेठ झाली. कोकणातून नाणेघाट चढून येणारा माल येथे उतरे. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान केल्याची नोंद आहे. धान्याचे व्यापारी लेणे कोरून देण्याइतके संपन्न होते, यावरून येथे धान्याची केवढी उलाढाल असेल याची कल्पना यावी. पुढे कित्येक शतके या मुलखाची मोठी वाटणी कायम राहिली: पश्चिमेकडे डोंगरात भात आणि नाचणी, पूर्वेकडे पठारावर बाजरी. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, नाचणीत साडेचारच्या आसपास, हुलग्यात आठाहून अधिक. आणि पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. तेव्हा खोऱ्यात लोहाचा दुष्काळ कधीच नव्हता. मग मुले फिकट का?

याचे उत्तर असे की, धान्यातले लोह कुलूपबंद असते. बाजरी, नाचणी, हुलगा यांत फायटेट नावाचे द्रव्य असते, नाचणीत आणि हुलग्यात तुरट द्रव्येही असतात. ती लोहाला धरून ठेवतात. या कुलपाची किल्ली म्हणजे आंबट फळांतले ‘क’ जीवनसत्त्व. लिंबू, आवळा, पेरू, कैरी, आणि इनामगावकर वेचीत ती बोरेसुद्धा. धान्याला मोड आणले, पीठ आंबवले, तरी कुलूप सैल होते. भाकरीबरोबर लिंबाची फोड ठेवणाऱ्या आणि मोड आलेल्या नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण तिची रीत बरोबर होती.

फिकटपणाचा हा रोग आपल्याकडे जुनाच ओळखीचा आहे. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला एक माती खाल्ल्याने होणारा आहे. आजही माती, खडू, भिंतीचा पोपडा खाणारे पोर आपण पाहतो. वैद्यकशास्त्र सांगते की, असे खाणे हे पुष्कळदा लोहाच्या उणिवेचेच लक्षण असते. त्याच ग्रंथात पांडुरोगावर लोहयुक्त नवायस चूर्णही सांगितले आहे. युरोपात १८८९ च्या सुमारास बुंगे या शास्त्रज्ञाने दुधात लोह किती थोडे असते हे दाखवले. पुढे लंडनच्या गरीब वस्तीतील मुलांच्या रुग्णालयात हेलन मॅके या डॉक्टरबाईंनी शेकडो तान्ह्या मुलांचे रक्त तपासले. विशेषतः बाटलीच्या दुधावर वाढणारी मुले सहा महिन्यांनंतर फिकट पडतात आणि लोह दिले की सुधारतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. अमुक एका मुलाचा स्वभाव किंवा अमुक एका आईचा हलगर्जीपणा हे कारण नसून दुधापलीकडचे अन्न वेळेवर न मिळणे हे कारण आहे, हा त्या कामाचा खरा धडा.

आता आपल्या खोऱ्यात गेल्या शंभर वर्षांत काय झाले ते पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाचा पद्धतशीर प्रचार झाला आणि बघता बघता चहा प्रत्येक चुलीवर चढला. चहातील तुरट द्रव्य लोहाला पक्के बांधून टाकते. मोठ्यांचे एक वेळ चालून जाते. पण दोन वर्षांच्या पोराला जेवणाआधी कपभर चहा आणि त्यात बिस्कीट म्हणजे भुकेलाही कुलूप आणि लोहालाही कुलूप.

दुसरा बदल पाण्याचा. कुकडी प्रकल्पातून माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली. ऊस आला, द्राक्षे आली, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार नावारूपाला आला, संकरित गाई आल्या, दुधाचा पैसा घरात आला. हे सारे स्वागतार्हच. दुष्काळात होरपळलेल्या मुलखाला पाण्याचे मोल सांगायला नको. परंतु बाजरीचे शेत मागे सरले आणि घरात दूध मुबलक झाले, तशी लहानग्यांची वाटी दुधानेच भरू लागली. डोंगराकडची कथा वेगळी. डिंभे धरणात जुने आंबेगाव गावच बुडाले. हिरडा वेचणाऱ्या, नाचणी-भात पिकवणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांची नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली. पुढे याच विस्थापितांनी सहकारी संस्था काढून जलाशयात मासेमारी सुरू केली, ही कौतुकाची गोष्ट. माशातले लोह सहज अंगी लागते, शिवाय ते सोबतच्या भाकरीतले लोहही मोकळे करते.

परिणाम काय झाला? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी महाराष्ट्रात ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. २०१६ ते २०१८ च्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत शिरेतून रक्त घेऊन तपासणी झाली. तीत एक ते चार वर्षांची ४१ टक्के मुले रक्तक्षयी निघाली आणि लोहाची उणीव ३२ टक्के मुलांत दिसली. आकड्यांत फरक आहे, कारण पद्धतीत फरक आहे; पण कोणताही आकडा घेतला तरी तो लहान नाही. आणि हा प्रश्न नुसत्या फिकट गालांचा नव्हे. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू घडत असतो. त्या वेळची लोहाची तूट पुढे शिकण्यावर आणि लक्ष लागण्यावर परिणाम करू शकते.

इतिहासाने कोडे घातले तशी एक वाटही दाखवली आहे. बाजरी मुळात आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि इथलीच झाली. आफ्रिकेतल्याच टोगो देशातील बाजरीपासून निवडलेला एक वाण १९८८ साली महाराष्ट्रात आला. त्यातून अधिक लोहाचा ‘धनशक्ती’ हा वाण इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी तयार केला व २०१२ साली तो प्रसारित झाला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. बेळगावकडच्या दोन वर्षांच्या आसपासच्या ४० मुलांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्या मुलांच्या अंगी साध्या बाजरीच्या मानाने जवळजवळ तिप्पट लोह लागले. आपल्या शेजारच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात वसतिगृहातील मोठ्या मुलांनाही अशा बाजरीच्या भाकरीने चार महिन्यांत फायदा झाला. म्हणजे आजीची भाकरी मागासलेली नव्हती. आपणच तिला मागे टाकले.

मग तोंड फिरवणाऱ्या या लेकराचे करावे काय? सहा महिने पूर्ण होताच मऊ अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे. वर्षानंतर गाईम्हशीचे वरचे दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, तेही जेवणाआधी नव्हे. चहा अजिबात नको. बाजरीची भाकरी हुलग्याच्या किंवा मसुरीच्या आमटीत मऊ कुस्करावी, वर लिंबू पिळावे. माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला बारीक चिरून थालीपिठात घालावा. आंबट आमटी लोखंडी कढईत करावी. ज्यांच्या घरी चालते त्यांनी मासा, सुकट, काळीज, खिमा थोडा थोडा द्यावा. नवा पदार्थ पोर पहिल्यांदा थुंकणारच. या वयात अनोळखी चवीची भीती हा निसर्गच आहे. जबरदस्ती न करता दहा-पंधरा वेळा, चमचाभरच, घरच्यांच्या पंगतीत बसवून पुढे करावे. हळूहळू ओळख पटते.

परंतु एकदा तूट मोठी झाली की नुसत्या अन्नाने ती लवकर भरत नाही. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सिरप द्यायचे असते. त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. आशाताई ते देतात. त्याने शौचास काळसर झाली तर घाबरू नये. वर्षापुढच्या मुलाला जंताचे औषधही वेळेवर द्यावे. मूल फारच पांढुरके असेल तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. उपचाराचे प्रमाण तेच ठरवतील. औषध घेऊनही सुधारणा नसेल तर सिकलसेल किंवा थॅलॅसेमियाची तपासणी करावी लागते. आणि ही बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. एका वेळी जास्त पोटात गेलेले लोह विषासारखे घातक ठरते.

श्रोतेहो, धान्यव्यापाऱ्यांनी जुन्नरला लेणे कोरले, त्यावर त्यांचे नाव राहिले. भाकरी कुस्करून पोराला भरवणाऱ्या बायांचे नाव कोणत्याच शिळेवर नाही. फिकट मूल दिसले की ‘आईचे लक्ष नाही’ असे सहज बोलले जाते. त्या मुलाच्या वाटीत दूध कोणी वाढवले, चहा कोणी आणला, बाजरी कोणी कमी केली, याचा हिशेब मांडला तर त्यात सबंध गावाचे, बाजाराचे आणि धोरणाचे नाव निघते. तेव्हा ती वाटी पुन्हा भरण्याचे कामही एकट्या आईवर टाकून चालणार नाही. घरातल्या पुरुषांनी, अंगणवाडीने, ग्रामपंचायतीने त्यात आपला वाटा उचलावा. सुरुवात अगदी साधी आहे: आज संध्याकाळी पोरासमोरचा चहाचा कप बाजूला करावा आणि आमटीत लिंबू पिळावे.