टिकली, टोपी आणि मस्कतच्या सुलतानाची पिस्तुलं

दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवली असेलच तुम्ही. परदेशात वाढला असाल तर निदान सुट्टीत आजोळी आल्यावर तरी. लाल कागदाची गुंडाळी, तिच्यावर दारूचे बारके ठिपके, चाप ओढला की फट्! बाकी बंदूक नुसती पत्र्याची. गुंडाळी संपली की आईच्या मागे भुणभुण सुरू, दुकानात जाऊया म्हणून.

ही भुणभुण लक्षात ठेवा. आजची गोष्ट तिचीच आहे. फक्त इथे दुकान अमेरिकेत आहे आणि बंदूक ओमानच्या राज्यकर्त्याच्या हातात.

एपिसोडमध्ये 'सुलताना' या जहाजाचा उल्लेख धावता झाला, म्हणून इथे जरा थांबूया. ओमानचा सय्यद सईद बिन सुलतान याचं राज्य तेव्हा मस्कतपासून झांझिबारपर्यंत पसरलेलं होतं. १८३३ मध्ये त्याने अमेरिकेशी व्यापारी तह केला. त्याच वर्षी त्याचं हे जहाज बांधून झालं, तेही कुठे, तर आपल्या माझगावच्या गोदीत! १८४० च्या एप्रिलअखेरीस हे मुंबईत घडलेलं जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलं. सईदचा दूत अहमद बिन नुमान त्यावर होता. अरबी पोशाखातला हा माणूस बघायला न्यूयॉर्ककर लोटले. अध्यक्ष व्हॅन ब्यूरनसाठी आलेल्या भेटींत दोन अरबी घोडे होते. पण परक्या राजाची भेट अध्यक्षाने स्वतःसाठी ठेवायची नाही असा नियम, त्यामुळे घोडे शेवटी विकावे लागले.

अमेरिकनांनी परतभेट दिली ती मात्र अगदी ताजी. जहाजाची फुकट डागडुजी, सईदसाठी एक शोभिवंत नाव, आरसे, आणि सॅम्युअल कोल्टच्या कारखान्यातल्या, लागोपाठ बार काढणाऱ्या बंदुका आणि पिस्तुलं. कोल्टला या हत्याराचं अमेरिकन पेटंट १८३६ मध्ये मिळालं होतं, म्हणजे हा चार वर्षांपूर्वीचा शोध. आजच्या भाषेत सांगायचं तर लेटेस्ट मॉडेल.

आता हे मॉडेल चालायचं कसं ते बघा, कारण गंमत तिथेच आहे.

कोल्टच्या त्या पिस्तुलाच्या फिरत्या चक्रात पाच घरं असत. प्रत्येक घरात पुढून काळी दारू आणि शिशाची गोळी ठासायची. घराच्या मागच्या बाजूला एक बारीक, पोकळ नळी स्क्रूसारखी बसवलेली. तिला निपल म्हणतात. या निपलवर तांब्याची इवलीशी टोपी घालायची. टोपीच्या आत स्फोटक रसायनाचा थर. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी निपलच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो. कोकणात ठासणीच्या बंदुकीचं हे तंत्र अजून जिवंत आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या घरांत या टोपीला 'केप' म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण करायला किचकट. टोपी सैल असेल तर चक्र फिरताना गळून पडते. मग ती बोटांनी किंचित चिमटून, जरा लंबगोल करून बसवायची. बार झाल्यावर फुटलेल्या टोपीचे तुकडे यंत्रात अडकले की चक्र फिरेनासं होतं. कोल्टच्या सुरुवातीच्या पिस्तुलांत टोपी घालायला जागा इतकी अडचणीची होती की टोप्या एकेक करून पुढे सरकवणारी पितळी डबी सोबत द्यावी लागे.

आणि निपल? ती तर झिजण्यासाठीच असते म्हणा ना. घोड्याच्या माराने तिचं तोंड पसरतं आणि मग टोपी नीट बसत नाही. दारूची काजळी भोकात साचते. टोपीतल्या रसायनाचे क्षार ओल धरतात आणि पोलाद खातात. वेळेवर धुतलं-पुसलं नाही तर निपल गंजून जागीच घट्ट होते आणि काढायला गेलं की तुटते. म्हणून ती खास पान्याने अधूनमधून काढायची, साफ करायची, तेल लावून परत बसवायची, बाद झाली तर बदलायची. नव्या निपलचे आटे जुन्याशी तंतोतंत जुळायला हवेत. समुद्राच्या खाऱ्या हवेत ही सगळी कामं आणखी वाढतात हे मस्कतमध्ये उन्हाळा काढलेल्यांना सांगायला नकोच.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण टोपीचा फायदा खरोखर मोठा होता. १८३४ मध्ये इंग्रजांनी वूलिच इथे चकमकीच्या आणि टोपीच्या बंदुकांनी प्रत्येकी सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीची बंदूक ९२२ वेळा फसली, टोपीची फक्त ३६ वेळा. मे १८४१ मध्ये चीनमध्ये कँटनजवळ मद्रास पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात अडकली. शिपायांच्या चकमकीच्या बंदुका भिजून गप्प झाल्या. त्यांना सोडवलं ते टोपीच्या बंदुका घेऊन आलेल्या इंग्रज मरीन सैनिकांनी.

म्हणजे टोपी श्रेष्ठ, विषय संपला? नाही, इथूनच तो सुरू होतो.

ओमानच्या डोंगरांतला सामान्य माणूस तेव्हा वापरत होता तोड्याची बंदूक. तिचं तिथलं नाव 'अबू फतीला', म्हणजे वातवाला. हा 'फतीला' आपल्याला परका नाही, आपला 'पलिता' त्याच घरातला. जळती वात दारूला टेकवायची की बार. पावसात निरुपयोगी, अंधारात शत्रूला ठिपका दिसतो, सगळे दोष मान्य. पण वात घरी वळता येते. दारू गावात कुटता येते. मोडलेला भाग लोहार घडवतो. ओमानमध्ये ही बंदूक विसाव्या शतकापर्यंत टिकली आणि परदेशी प्रवाशांना ती मागासलेपणाची खूण वाटली.

मला तो हिशेब वाटतो. टोपीसाठी लागतो तांब्याचा पातळ पत्रा, ठशाची यंत्रं आणि हातात फुटू शकणारं रसायन सांभाळणारा कारखाना. निपलसाठी लागतात अचूक आटे. पाच बार म्हणजे पाच टोप्या, आणि प्रत्येक टोपी समुद्रापारहून येणार. त्यात कोल्टचा तो पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला. सईदकडे जहाजं होती, अमेरिकन व्यापारी झांझिबारला येत-जात होते, त्याला टोप्या मागवता आल्या असत्या. डोंगरातल्या मेंढपाळाने कुठून आणायच्या?

हे दूरचं वाटत असेल तर १८५७ आठवा. त्या उठावात काडतुसाची चरबी आपण शाळेत पाठ केली, टोप्यांबद्दल कोणी बोललं नाही. कंपनीच्या शिपायांना १८४० च्या दशकापासून टोपीच्या बंदुका मिळू लागल्या होत्या. उठावानंतर बंदुका हातात राहिल्या, दारूही बनवता येत होती, पण टोप्या संपत चालल्या. मग काही ठिकाणी टोपीच्या चांगल्या बंदुका परत तोड्याच्या करून घ्याव्या लागल्या. एका अर्थी ते 'अबू फतीला'कडे परत गेले. हत्यार त्यांचं होतं, टोपी साहेबाची.

मस्कतच्या बैत अल झुबैर संग्रहालयात जुनी हत्यारं मांडली आहेत. कधी गेलात, तर चांदीच्या खंजिरांवरून नजर जरा बाजूला काढा. जुन्या बंदुका दिसल्या की घोड्याजवळ बघा. तिथे वात धरायचा चिमटा आहे की निपल? चिमटा असेल तर ती बंदूक चालवायला लागणारं सगळं गावात मिळत होतं. निपल असेल तर तिच्या मालकाला दर बारासाठी कुणातरी परक्याच्या दुकानाकडे बघावं लागत होतं.

शोध कोणी लावला हे इतिहासात आपण नेहमी विचारतो. गुंडाळी संपल्यावर दुकान कोणाचं, हेही विचारत जाऊया.