उत्खनकातील फॉल्ट कोड

उत्खनकाच्या इंजिनात, हायड्रॉलिक पंपात किंवा वायरिंगमध्ये काही बिनसले, तर ते ओळखून यंत्राचा नियंत्रक (ईसीएम) मॉनिटरवर अंक-अक्षरांची जी खूण दाखवतो, तिला फॉल्ट कोड म्हणतात. महाराष्ट्रातल्या साइटवर या यंत्राला सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात आणि ऑपरेटरच्या तोंडी ‘मशीन एरर मारतेय’ असे वाक्य असते. कोडमध्ये सेन्सरचे नाव असले, तरी तो दोष दाखवतो तो सेन्सर, वायर, कनेक्टर आणि नियंत्रक मिळून होणाऱ्या सर्किटचा. हे ध्यानात न घेतल्याने कित्येक धडधाकट सेन्सर भंगारात जातात.

नियंत्रक एकमेकांशी ‘कॅन’ या दोन तारांच्या जाळ्यावरून बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत 1986 मध्ये जगापुढे आणली. अवजड यंत्रांसाठी तिच्यावर एसएई जे1939 हे मानक उभे आहे. त्यात प्रत्येक दोष दोन आकड्यांत सांगितला जातो. एसपीएन म्हणजे दोष कशात आहे आणि एफएमआय म्हणजे तो कशा प्रकारचा आहे. एसपीएन 100 इंजिन ऑइलचा दाब, 110 कूलंटचे तापमान, 157 इंधन रेलचा दाब. मेकॅनिक पहिला आकडा पाहून थांबतात. खरी माहिती असते दुसऱ्यात. 110 सोबत एफएमआय 3 आला, तर सिग्नलचा व्होल्टेज हवा त्यापेक्षा जास्त आहे. तापमानाच्या सेन्सरबाबत याचा अर्थ बहुधा तुटलेली वायर किंवा सुटलेला कनेक्टर. 4 आला, तर व्होल्टेज कमी, म्हणजे वायर बॉडीला टेकलेली असू शकते. पण 0 आला, तर सेन्सर खरे बोलत आहे आणि इंजिन खरोखरच तापले आहे. तेव्हा मल्टिमीटर बाजूला ठेवून धुळीने बुजलेला रेडिएटर, कूलंटची पातळी आणि फॅनबेल्ट पाहावा.

कंपन्यांचे स्वतःचे कोडही असतात. कॅटरपिलरमध्ये ई360 म्हणजे ऑइलचा दाब कमी, ई361 म्हणजे कूलंट तापलेले. कोमात्सूमध्ये इंजिनचे कोड ‘सीए’ने सुरू होतात, सीए559 हा रेलचा दाब अपुरा असल्याचा. याच कंपनीच्या पीसी200 वर्गातील यंत्रावर ‘ई02’ दिसले, की पंपाचा भार सांभाळणाऱ्या पीसी-ईपीसी व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये दोष असतो. अशा वेळी आणीबाणीचा पंप स्विच दिला, की नियंत्रकाला वगळून व्हॉल्व्हला ठरावीक करंट मिळतो आणि काम चालू राहते. ही सोय यंत्र खड्ड्यातून बाहेर काढण्यापुरती आहे. काही साइटवर मात्र तो स्विच महिनोन्‌महिने तसाच असतो.

निदानाची सुरुवात कोड पुसण्याने कधीच करू नये. चालू कोड कोणते, जुने साठवलेले कोणते, प्रत्येक कितीदा आला आणि इंजिनाच्या किती तासांवर आला, हे आधी टिपावे. त्यानंतर बॅटरी. यंत्रणा 24 व्होल्टची असते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली गेला किंवा बॉडीची अर्थिंग पट्टी गंजलेली असली, तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम येतात. असा घोळका दिसला, की दुसरा संशय सेन्सरांना मिळणाऱ्या सामाईक 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर घ्यावा. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर तो त्या ओळीवरच्या सगळ्यांनाच खाली ओढतो. एकेक कनेक्टर काढत जावे. ज्याच्या काढण्याने बाकीचे कोड जातात, तो दोषी.

एकट्या कोडसाठी सर्वांत उपयोगी युक्ती अदलाबदलीची. पुढच्या व मागच्या पंपाचे दाब-सेन्सर सारखे असतील, तर ते आपसांत बदलावेत. कोड सेन्सरसोबत दुसरीकडे गेला, तर सेन्सर खराब. जागेवरच राहिला, तर वायर किंवा नियंत्रक. अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी इंजिन चालू ठेवून वायरींची जुडी (हारनेस) हलवून पाहावी, विशेषतः बूमच्या बुडाशी आणि केबिनखाली, जिथे ती घासते. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी आणि उंदरांनी कुरतडलेली वायर ही आपल्याकडची नेहमीची कारणे. ती कोणत्याही कोडपुस्तकात नसतात.

नियंत्रकांचा आपसातला संपर्क तुटल्याचा कोड आला, तर बॅटरी बंद करून कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजावा. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोधक असल्याने तो सुमारे 60 ओहम यायला हवा. 120 आला, तर एक टोक तुटलेले. शून्याजवळ आला, तर तारा एकमेकींना चिकटलेल्या.

भारतात बांधकाम यंत्रांना 1 एप्रिल 2021 पासून सीईव्ही स्टेज-4 हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि कोडची संख्या वाढली. धूर स्वच्छ करण्यासाठी युरिया वापरणाऱ्या यंत्रांत त्याचे द्रावण 32.5 टक्क्यांचेच लागते. भेसळीचे किंवा पाणी घातलेले द्रावण भरले, तर कोड येतो आणि दुर्लक्ष केल्यास यंत्राची ताकद टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. इथे एक्झॉस्टमधला सेन्सर बदलण्याआधी टाकीतले द्रावण तपासणे स्वस्त पडते.

काही बिघाड कोड देतच नाहीत. झिजलेला पंप, गळणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंवा अडकणारा स्पूल यांमुळे बकेट संथ होते, पण मॉनिटर स्वच्छ राहतो. अशा वेळी दाबाचा गेज लावण्याला पर्याय नाही. उलट, नियंत्रक खरोखर जळण्यामागे पुष्कळदा बकेटवर केलेले वेल्डिंग असते. म्हणून वेल्डिंगआधी बॅटरीची ऋण तार सोडावी, नियंत्रकाचे कनेक्टर काढावेत आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेजवळच लावावा.