घरची बिअर आणि सरकारचा हायड्रोमीटर

१/ इंग्लंड-अमेरिकेत घरी बिअर बनवू पाहणारा नवशिका बहुधा एका तयार संचापासून आरंभ करतो. त्यात असतो दाट, काळसर माल्ट-पाकाचा सुमारे पावणेदोन किलोंचा डबा, सुक्या यीस्टची पुडी, झाकणाचे पिंप, वायूला वाट देणारा एअरलॉक आणि काचेचा तरंगता हायड्रोमीटर. यांपैकी डबा आणि हायड्रोमीटर या दोन वस्तूंवर करवसुली आणि दारूबंदी यांचा ठसा आहे. हा धागा त्या ठशाविषयी.

२/ आधी कृती. जव भिजवून मोड आणायचे व ते भट्टीत वाळवायचे, की माल्ट तयार होतो. भरडलेला माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवला की पिष्टाची साखर होते. हा गोड काढा हॉप्सच्या कडू फुलांसह उकळतात. कारखान्यात हे सारे आधीच उरकून, काढा आटवून डब्यात भरलेला असतो. घरी त्यात पाणी मिसळून सुमारे २३ लिटर करायचे आणि २० अंशांच्या आसपास निवल्यावर यीस्ट घालायचे. भांडी मात्र निर्जंतुक हवीत.

३/ पुढचे काम यीस्टचे. ते साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायू निर्माण करते. साखर अधिक असेतो हायड्रोमीटर उंच तरंगतो. ती सरत जाते तसा तो खाली बुडतो. दोन-तीन दिवस आकडा स्थिर राहिला तरच बाटल्या भरायच्या. घाई केली तर किण्वन बंद बाटलीत सुरू राहते आणि दाबाने बाटली फुटते. आज घरच्या पिंपाशेजारी दिसणारी ही काचेची नळी एकेकाळी अबकारी अधिकाऱ्याच्या हाती होती. ती कथा पुढे.

४/ मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल हे हॉप्सविना बनणारे पेय मुख्यतः स्त्रिया घरीच बनवीत. ते काही दिवसांतच आंबे, म्हणून वरचेवर बनवावे लागे आणि उरलेले शेजारीपाजारी विकले जाई. १३व्या शतकात राजसत्तेने एलचा भाव आणि दर्जा ठरवून देणारे नियम केले. राज्यसंस्थेचे लक्ष घरच्या या पेयाकडे तेव्हापासूनच होते. परंतु ते विक्रीवर होते, निर्मितीवर नव्हे.

५/ १६९७ मध्ये माल्टवर कर बसला. व्यापारी बिअरवरील स्वतंत्र कर घरगुती बिअरला लागू नव्हता. पण माल्ट महागला की घरची बिअरही महागणारच. विल्यम कॉबेट या पत्रकाराने १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’त हीच तक्रार मांडली. माल्ट आणि हॉप्सवरील करांनी मजुराच्या घरातली बिअर हिरावली आणि तिच्या जागी निःसत्त्व चहा आला, असे त्याचे म्हणणे. चहावरचा त्याचा राग आज गमतीदार वाटतो, पण घरातले एक कौशल्य करामुळे कसे लोपते हे त्याने अचूक टिपले होते.

६/ काढ्याची घनता मोजण्याचे तंत्र बिअर-उत्पादकांत रुजवण्याचे श्रेय जॉन रिचर्डसन याच्या १७८४ च्या ग्रंथाला दिले जाते. हेतू होता, माल्टमधून किती सत्त्व निघाले हे कळावे. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरील कर रद्द केला आणि तो थेट काढ्याच्या घनतेवर बसवला. त्यामुळे उत्पादकाचे साधन करवसुलीचेही माप झाले. त्याच कायद्याने घरच्यापुरती बिअर बनवणाऱ्यालाही परवाना आवश्यक केला. राज्यसंस्था आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

७/ हा परवाना ८३ वर्षे टिकला. एप्रिल १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला. पुढील दशकात बूट्ससारख्या औषधदुकानांच्या साखळीतही बिअरचे संच विकले जाऊ लागले. मात्र मधल्या काळात घरोघरी चालत आलेले ज्ञान बरेचसे विस्मरणात गेले होते. आजीकडून नातीकडे जाणारी विद्या आता डब्यावरील सूचनांतून शिकावी लागत होती.

८/ डब्याची गोष्ट अमेरिकेतली. १७ जानेवारी १९२० पासून तेथे देशव्यापी दारूबंदी अंमलात आली. बिअर विकता येईना, पण माल्टचा पाक विकण्यास आडकाठी नव्हती. पॅब्स्ट, अनहायझर-बुश अशा बड्या कंपन्यांनी तो डब्यांत भरून बाजारात आणला. जाहिरातीत उपयोग पाव-बिस्किटांसाठी. प्रत्यक्षात काही डब्यांत हॉप्सचा कडवटपणा आधीच मिसळलेला! कडू पाव कोण भाजणार होते, हे विकणारा आणि घेणारा दोघेही जाणत होते. आजच्या संचातला ‘हॉप्सयुक्त माल्ट-पाक’ याच डब्याचा वंशज आहे.

९/ डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली. घरी वाइन बनवण्यास कायद्याने मुभा मिळाली, बिअरला मात्र नाही. ही विसंगती १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने दूर केली. एका प्रौढाच्या घराला वर्षाकाठी १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७९ लिटर, आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त झाली. ती विकता मात्र येणार नव्हती. तरी अंतिम अधिकार राज्यांचाच राहिला. मिसिसिपी आणि अलाबामा येथे ही मुभा २०१३ मध्ये मिळाली.

१०/ परिणाम दूरगामी झाले. १९७० च्या दशकाअखेर अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराहूनही कमी उरले होते. कॅलिफोर्नियातील चिको येथे घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये सिएरा नेवाडा कंपनीची पहिली बिअर बनवली. पुढे छोट्या कारखान्यांची जी लाट आली, तिचे कित्येक प्रवर्तक घरच्या पिंपावरच शिकले होते.

११/ आता त्याच ब्रिटिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. ग्लॅडस्टनच्या कायद्याच्या दोन वर्षे आधी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. ताडी काढण्यासाठी झाडागणिक कर बसला. गावोगावच्या भट्ट्यांची जागा सरकारी नियंत्रणाखालील मोठ्या भट्ट्यांनी घेतली. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. घरी दारू गाळण्याची मुभा ब्रिटनमध्येही नव्हती, हे खरे. पण झाडाखाली पडलेले फूल, जे आदिवासींचे अन्नही होते, ते गोळा करणे संशयास्पद ठरावे, हे वसाहतीतच घडले.

१२/ परवान्याविना मद्यनिर्मिती करणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आजही गुन्हा आहे. त्यामुळे वरील कृती येथे केवळ वाचण्यापुरतीच. मद्याचे दुष्परिणाम खरे आहेत आणि दारूबंदीच्या चळवळींत स्त्रियांनी सोसलेले दुःखही खरे आहे. तथापि १८७८ आणि १८८० च्या कायद्यांमागे मुख्य प्रेरणा महसुलाची होती, हे विसरू नये. इंग्लंडमधील घरगुती बिअरला कालांतराने ‘छंद’ अशी प्रतिष्ठा मिळाली. ठाण्याच्या जंगलातील मोहाच्या माथी ‘अवैध’ हा शिक्का बसला. दोन्ही ठिकाणी माणसे घरच्या भांड्यात तेच प्राचीन किण्वन घडवत होती. त्यांतल्या कोणाला छंद म्हणायचे आणि कोणाला गुन्हा, हे कोणी आणि कोणाच्या तिजोरीसाठी ठरवले, हा प्रश्न अबकारीचा इतिहास वाचताना सतत जवळ ठेवावा.